ओढ्याची पोटगी

मी ओढ्याचा पालक झालो तो काही लायकीमुळे नव्हे. तेरगी गावात काळम्मा ओढ्याच्या काठी ज्याची गुंठाभरही जमीन नाही, असा लिहिता-वाचता माणूस सरकारला हवा होता आणि तसा मी एकटाच निघालो. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून मी उभी हयात काढली. म्हणजे गाडी का आली नाही हे लोकांना समजावून सांगण्यात काढली. निवृत्त होऊन इथं बहिणीच्या गावी राहायला आलो, तर हे गळ्यात पडलं. नेमणुकीचं पत्र ‘श्रीमती शीतल मगदूम’ या नावानं आलं होतं. आमच्या जैनांत शीतल हे पुरुषाचं नाव असतं, हे नेमणूक करणाऱ्याला माहीत नसावं.

प्रवाह-व्यक्ती कायदा लागू होऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. त्या कायद्यानं नदी-ओढे माणसासारखे ठरले होते. त्यांना हक्क होते, फिर्याद करता येत होती, फक्त बोलता येत नव्हतं. म्हणून लहान मुलाला असतो तसा प्रत्येक ओढ्याला एक पालक. कुणी पाण्यात घाण सोडली, तर पालकानं जलन्यायपीठाकडे जायचं आणि ओढ्याच्या वतीनं मागायचं: सोडणं बंद करा, झालेलं नुकसान निस्तरा, भरपाई द्या. पालक बोलेल तेच ओढ्याचं बोलणं. आणि पालकाचा त्या पाण्यात कसलाही स्वार्थ असता कामा नये.

ही शेवटची अट मी फार मनावर घेतली. माझी थोरली बहीण पद्माक्का याच गावात दिली आहे आणि चौगुल्यांचा पानमळा ओढ्याच्या अगदी काठाला आहे. जमीन माझी नसल्यामुळे कायद्याची हरकत नव्हती. पण लोक बोलायला कमी करत नाहीत. म्हणून पत्र आल्यापासून मी अक्काकडे चहाला जाणंही सोडलं. अक्का म्हणाली, चहात काय ओढा बुडतोय काय? मी हसून वेळ मारून नेली.

ओढ्याची नोंद व्हायची होती तेव्हा ग्रामसभा भरली. ओढा हंगामी की बारमाही, एवढंच गावानं सांगायचं होतं. बारमाही म्हटलं की ओढा पहिल्या वर्गात जातो आणि त्याच्या तक्रारीची सुनावणी आधी होते. मग काय, सगळ्यांनी हात वर केले. सगळ्यात मोठ्यानं बोलले आमचे दाजी, अण्णासाहेब चौगुले. त्यांचे आजोबा म्हणे ऐन वैशाखात या ओढ्यात पोहायचे. मी या गावात नवा, मला काय माहीत? मीही हात वर केला.

वर्षभर काही झालं नाही. मी ओढ्यावर फेरी मारायचो, प्लास्टिक दिसलं तर गोळा करायचो. पाण्याचा रंग मात्र मधूनमधून बदलायचा. वरच्या माळावर कापड रंगवण्याचा कारखाना आहे, गावात त्याला नुसतं ‘प्रोसेस’ म्हणतात. लग्नसराईत पाणी तांबूस व्हायचं, शाळा उघडायच्या आधी निळसर. तीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि गावाला त्याची सवय झाली होती.

मग एक दिवस अक्का माझ्याकडे आली. पदराखालून तिनं पानं काढली. कडा काळपट पडलेल्या. मिरजेच्या पानबाजारात आता फाटकावरच तपासणीचं यंत्र बसवलं आहे, पानात कपड्याचा रंग सापडला की माल परत. अक्काचा माल लागोपाठ परत आला होता. चौगुल्यांच्या घरात बोलायचं काम दाजींचं आणि मळ्याचं काम अक्काचं. वेल कधी बांधायचा, कधी उतरवून मातीत घालायचा, कुठलं पान खुडायचं, सगळं तिच्या हातात. ती उभ्या उभ्याच म्हणाली, “तू त्या वड्याचा पालक हायेस न्हवं? मग पाळ की त्याला.”

मी फिर्याद केली. इथपर्यंत सगळं सरळ होतं. जगात चांगलं कोण, वाईट कोण हे मला स्पष्ट दिसत होतं आणि तसं दिसण्याचा हा शेवटचा काळ.

जलन्यायपीठानं तपासणीसाठी डॉ. नाझनीन मुजावर यांना पाठवलं. पस्तिशीची, चटपटीत बाई, मूळची मिरजेचीच. तिच्याकडे चहाच्या थर्मासएवढं एक यंत्र होतं, उगमयंत्र म्हणत त्याला. पूर्वी हेच यंत्र खोलीभर असायचं आणि मोठ्या प्रयोगशाळेतच असायचं, आता ते तिच्या खांद्याच्या झोळीत बसत होतं.

यंत्र काय करतं हे तिनं मला ओढ्याच्या काठावर बसून समजावलं आणि ते मला समजलं, याचं मलाच नवल वाटलं. पाणी सगळं सारखं नसतं. पाण्याचे काही कण हलके असतात, काही थोडे जड. दोन्ही पाणीच, चवीत काही फरक नाही. पण ढग चालत जातो तसतसे जड कण आधी पडून जातात. त्यामुळे सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस आणि आमच्या कोरड्या भागात परतीच्या वाटेवर पडणारा पाऊस, यांतलं जड-हलक्याचं प्रमाण वेगळं. पुन्हा धरणात पाणी महिनोन्‌महिने उन्हात पडून राहतं, तेव्हा हलके कण आधी वाफ होऊन जातात आणि उरलेलं पाणी जड होत जातं. विहिरीच्या पाण्याला असं ऊन लागत नाही. यंत्र पाण्याची वाफ करून तिच्यातून लेसरचा किरण सोडतं. जड कण किरणाचा एक रंग खातात, हलके दुसरा. त्यावरून हे पाणी कुठं पडलं, कुठं साठलं, कुठून आलं, सगळं कळतं. पाण्यात रंग मिसळा, साबण मिसळा, त्यानं फरक पडत नाही.

मी म्हटलं, छान, म्हणजे प्रोसेसवाले आता सुटत नाहीत.

फेब्रुवारीतली दुपार होती. नाझनीननं ओढ्याचं पाणी यंत्रात घातलं, आकडे पाहिले, परत घातलं. नंतर तिनं मला विचारलं की तुमच्या गावाला धरणाचा कालवा आहे का. मी म्हटलं, नाही, त्यासाठी तर गाव कित्येक वर्षं भांडतंय. रास्ता रोको झाले, मोर्चे झाले, पण धरणाचा थेंब तेरगीला आला नाही.

ती म्हणाली, “काका, या ओढ्यातलं शंभरातले ब्याण्णव भाग पाणी धरणाचं आहे.”

आम्ही दोघं अक्काच्या अंगणात गेलो, कारण मला एकट्याला हे पेलवेना. दाजींनी ऐकून घेतलं आणि यंत्र बिघडलंय असं जाहीर केलं. आमच्या विहिरीचं पाणी बघा म्हणाले, ती माझ्या वडिलांनी खणली आहे. विहिरीचं पाणी पाहिलं, तर तेही निम्म्याहून जास्त धरणाचं, ओढ्यातून झिरपलेलं. मग अक्का मळ्यात गेली आणि मूठभर वेलाचे देठ घेऊन आली. नाझनीननं ते चेचून त्याचा रस काढला. वेलाच्या अंगातलं पाणीसुद्धा धरणाचंच निघालं.

धरणाचं पाणी आमच्याकडे येण्याला एकच वाट होती. प्रोसेस नळानं धरणाचं पाणी उचलते, त्यात कापड धुते आणि ओढ्यात सोडते. ज्या पाण्यासाठी गावानं रस्ते अडवले ते पाणी तीस वर्षं गावात येत होतं, फक्त रंगीत होऊन येत होतं. दाजी ओट्यावर बसले ते बसलेच.

अक्का तेवढी शांत होती. तिनं सांगितलं की ती लग्न होऊन आली तेव्हा संक्रांत झाली की ओढा आटायचा आणि मळ्यातली विहीरही तळाला जायची. ती स्वतः पहाटे उठून लांबच्या विहिरीवरून घागरी आणायची. तेव्हा मळाही चार वाफ्यांचा होता. ओढा बारा महिने वाहू लागला, मग मळा वाढला. मी चिडून म्हटलं, अगं मग ग्रामसभेत बोलली का नाहीस? ती म्हणाली, “सभंत मला कुणी इचारलं? तुमी सगळी हात वर करत हुता, मी चहा करत हुते.”

आता गोष्ट अशी झाली की आमचा ओढा वर्षातले सहा-सात महिने स्वतःचा असतो आणि बाकीचे महिने प्रोसेसचा. पावसाळ्यात नाझनीननं परत मोजलं असतं तर धरणाचं पाणी दहा भागही निघालं नसतं. मग ज्याचा मी पालक, तो नक्की कोण? मी हे नाझनीनला विचारलं. ती म्हणाली, पाणी कुठून आलं ते विज्ञान सांगतं, ते कुणाचं हे सांगत नाही. तिनं हे प्रामाणिकपणे सांगितलं आणि मला त्याचा राग आला.

सुनावणीच्या दिवशी प्रोसेसचे वकील पुसाळकर उठले. मला वाटलं होतं ते यंत्राला खोटं पाडतील. त्यांनी तर यंत्राला डोक्यावर घेतलं. म्हणाले, या अहवालावरून एवढंच सिद्ध होतं की पौषापासून ज्येष्ठापर्यंत तिथं ओढा नावाची व्यक्तीच नसते. असतं ते आमचं सांडपाणी. जी व्यक्ती त्या काळात अस्तित्वातच नाही, तिला त्रास कसा होईल? आणि त्रास नाही तर फिर्याद कसली?

मी न्यायाधीशबाईंकडे बघितलं, त्या माझ्याकडे बघत होत्या. मला एवढंच सुचलं की ओढ्याची वाट तरी ओढ्याचीच आहे, पाणी कुणाचंही असो. बाईंनी मान हलवली आणि ते मुद्दा म्हणून लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, सांडपाणी असलं तरी ते ओढ्याच्या घरात सोडलंय, तेव्हा ते निस्तरावं लागेलच.

तेव्हा पुसाळकरांनी हसतमुखानं दुसरा कागद पुढे केला. कारखाना चूक सुधारायला तयार आहे. नवी यंत्रणा बसवू, सगळं पाणी शुद्ध करू, एक थेंब घाण बाहेर सोडणार नाही. मी खूश झालो. ते पुढे म्हणाले, आणि इतकं शुद्ध केलेलं पाणी आम्ही बाहेर तरी कशाला सोडू? तेच परत कापडाला वापरू. धरणातून उचलणंही कमी होईल. पर्यावरणाचं भलंच.

म्हणजे एक तर घाण ओढा नाहीतर कोरडा ओढा. मी विचारलं की शुद्ध करून ओढ्यात सोडा, असं आपण त्यांना सांगू शकत नाही का. पुसाळकर म्हणाले, आम्ही टाकून दिलेल्या पाण्यावर कुणाचा हक्क उत्पन्न होत नाही. शेजाऱ्याच्या मोरीचं पाणी तुमच्या अळवाला मिळत होतं, म्हणून त्यानं रोज अंघोळ केलीच पाहिजे असं तुम्ही म्हणू शकत नाही. सगळी कचेरी हसली. मलाही ते पटलं, हीच तर पंचाईत.

बाईंनी मला विचार करायला वेळ दिला. पुढच्या तारखेला तुमच्या पाल्याला काय हवं ते सांगा, म्हणाल्या.

मी ओढ्याच्या काठावर जाऊन बसलो. दोन-तीनदा बसलो. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्याच्याकडे नीट पाहत होतो. पाणी वाहत होतं, जांभळट फेस दगडाला अडत होता, पुढच्या डोहात बोटभर मासे होते. रंगाचा उग्र वास येत होता. याला काय हवं असेल? दुसऱ्याचं घाण पाणी अंगावर घेऊन बारा महिने जगणं, की आपलं आपलं थोडं पाणी घेऊन अर्धं वर्ष कोरडं पडणं? मला काही म्हणता काही कळलं नाही. ज्याला त्याला विचारत सुटलो. दाजी म्हणाले, घाण असू दे, पाणी हाय न्हवं. गावातले बाकीचेही थोड्याफार फरकानं तेच म्हणाले.

अक्का म्हणाली, “साफ करून सोडा म्हणावं. एवढं साधं हाय.”

मी तिला मोरीचं आणि अळवाचं सांगितलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी लहानपणी दप्तर हरवून आलो होतो तेव्हाची आठवण झाली.

आता खरं सांगतो. अक्का जे म्हणते आहे ते मागावं असं मला आतून वाटत होतं. पण ते अक्का म्हणते आहे, म्हणूनच मला ते मागवेना. उद्या कुणीही म्हणेल, बहिणीचा मळा वाचवायला पालकानं ओढ्याचं तोंड वापरलं. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी नातेवाइकांना रांग मोडून खिडकीतून तिकीटसुद्धा दिलं नव्हतं. न्यायपीठासमोर उभा राहिलो आणि माझ्या तोंडून निघालं ते असं: ओढ्याला त्याचं स्वतःचं पाणी पुरेसं आहे. परकं पाणी नको. घाणही नको आणि साफही नको.

बोलताना मला फार स्वाभिमानी वाटलं. पुसाळकरांनी लगेच विनंती केली की पालकाचं हे म्हणणं जसंच्या तसं नोंदवावं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

नवी यंत्रणा बसली तशी ओढ्याची धार बारीक झाली, मग तुटली. आधी दगड उघडे पडले. तीस वर्षांचा रंग त्यांच्यावर चढला होता, निळे, तांबडे, हिरवे दगड. मुलं ते गोळा करायला येऊ लागली. डोह आटला तेव्हा अक्का आणि गल्लीतल्या बायका घागरी घेऊन आल्या आणि चिखलात वळवळणारे मासे उचलून विहिरीत नेऊन सोडू लागल्या. जीव मरायला नकोत, हे आमच्या घरात लहानपणापासूनचं. मी मदतीला वाकलो, तर अक्कानं घागर दुसऱ्या बाजूला घेतली. त्या दिवसापासून तिनं माझ्याशी बोलणंच टाकलं.

मळ्याकडे जायची मला हिंमत झाली नाही. पानवेलीला रोज ओल लागते, पाळी चुकवून चालत नाही. गावात कानावर यायचं की वरचे वाफे पिवळे पडले, विहिरीचं पाणी खाली गेलं, अक्का आता अर्ध्याच मळ्याला पाणी देते आणि अर्धा तिनं सोडून दिला आहे. कायद्यानं बघायचं तर माझं पाल्य स्वच्छ झालं होतं. नाझनीननं येऊन मोजायचं म्हटलं तर मोजायला पाणी नव्हतं.

आणि मग नोटीस आली. ‘काळम्मा ओढा, तर्फे पद्मावती अण्णासाहेब चौगुले, विरुद्ध शीतल बाबू मगदूम.’ मी चष्मा पुसून परत वाचली. पालकानं पाल्याचं नुकसान केलं, तर कुणीही नागरिक पाल्याच्या वतीनं पालकावर फिर्याद करू शकतो, असं कलम कायद्यात होतं. ते मी वाचलं होतं, पण माझ्यासाठी आहे असं वाटलं नव्हतं. ओढ्याचं बोलणं ते माझं बोलणं आणि आता ओढा माझ्याविरुद्ध बोलत होता. म्हणजे मी फिर्यादी आणि आरोपीही मीच की काय, याचा विचार करून माझं डोकं दुखायला लागलं.

दाजी धावत आले. हात जोडून म्हणाले, मला काही ठाऊक नव्हतं, तिनं मला न विचारता केलंय. मी त्यांना चहा दिला. तेवढंच मला सुचलं.

तारखेच्या दिवशी सकाळी दारात चपला वाजल्या. अक्का होती, नवी साडी नेसून, हातात डबा. दोन महिन्यांत पहिल्यांदाच बोलली. “आटप. एस्टी चुकंल.”

मी म्हटलं, अक्का, फिर्याद तू माझ्यावर केली आहेस. ती म्हणाली, मग? कोर्टाची वाट मला कुठं माहीत हाय? बॅटरीच्या नव्या एसटीत आम्ही शेजारी शेजारी बसलो. गाडी आवाज करत नाही, त्यामुळे न बोलणं जास्तच जाणवत होतं. तालुक्याच्या अलीकडे तिनं डबा उघडून मला दशमी दिली. मी खाल्ली. आरोपीनं फिर्यादीच्या हातचं खावं की नाही याचा नियम मला माहीत नव्हता.

नोटीस प्रोसेसलाही गेली होती, त्यामुळे पुसाळकर हजर होते. अक्कानं वकील दिला नव्हता. नाझनीनचा नवा अहवाल मात्र तिनं मागवून घेतला होता. त्यात एकच गोष्ट होती. पाणी परत वापरायला लागल्यापासून प्रोसेस धरणातून आधीच्या चौथ्या हिश्शाइतकंच पाणी उचलते. उरलेले तीन हिस्से त्यांच्या नावावर तसेच धरणात पडून आहेत.

न्यायाधीशबाईंनी विचारलं की तुमचं मागणं काय. अक्का उठली, डोक्यावर पदर घेतला.

“बाईसाहेब, एका बाईला नवऱ्यानं तीस वर्षं नासकं अन्न घातलं. ती कोर्टात आली, म्हणाली नासकं घालू नगा. कोर्ट म्हणालं, बरं, मग काहीच घालू नगा. ह्यो न्याय झाला का? नासकं घालू नगा म्हणलं हुतं, उपाशी ठेवा म्हणलं नव्हतं. तीस वर्षं त्या पाण्यावर वडा जगला, मासं जगलं, आमी जगलो. हे त्या यंत्रानंच सांगितलंय. आता त्यांच्या वाट्याचं पाणी उरलंय, ते त्यांच्याच नळानं धरणातनं वड्यात सोडा. वड्याची पोटगी म्हणून सोडा.”

कचेरीत कुणी हसलं नाही. मला मोरी आणि अळू आठवलं आणि त्या दाखल्यात काय चुकलं होतं ते तेव्हा कुठं दिसलं. शेजाऱ्यानं अंघोळ करावी असं कुणी म्हणतच नव्हतं. त्याच्या हंड्यात उरलेलं पाणी कुणाचं, हा प्रश्न होता आणि तो मी विचारलाच नव्हता.

पुसाळकर उठले. पोटगीचा मुद्दा भावनिक आहे, म्हणाले. पण तो घटकाभर मानला तरी उपयोग नाही. पालकानं याच न्यायपीठासमोर स्पष्ट सांगितलंय की परकं पाणी नको, साफसुद्धा नको. पालकानं पाल्याच्या वतीनं सोडलेला हक्क पाल्यावर बंधनकारक असतो. त्यांनी ती नोंद वाचून दाखवली. माझंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते मला फार पोकळ वाटलं.

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी मला आधी समजावून सांगितलं. हक्क समजून उमजून सोडला असेल, तर तो गेला आणि फिर्याद इथंच संपली. न समजता सोडला असेल, तर तो सोडलाच नाही असं धरता येईल. पण मग पालकानं कामात कसूर केली असं होईल. पद जाईल, कसूरदार म्हणून नाव जाहीर होईल आणि पुन्हा कुठल्याही सार्वजनिक कामावर नेमणूक होणार नाही.

“श्री. मगदूम,” त्या म्हणाल्या, “तुम्ही ओढ्याच्या वतीनं पाणी नाकारलंत, ते समजून नाकारलंत का?”

मी अक्काकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर माझं उत्तर तिच्यासाठी झालं असतं आणि परत तोच घोळ. नोकरीत माझ्या नावावर एक शेरा नव्हता. निरोप समारंभात साहेबांनी तेच तर सांगितलं होतं. समजून नाकारलं म्हटलं असतं तर मी निःस्वार्थी पालक म्हणून गावात ताठ मानेनं फिरलो असतो. मळा वाळला असता, ओढा संक्रांतीला आटला असता आणि कुणी मला नाव ठेवू शकलं नसतं.

“नाही, बाईसाहेब,” मी म्हटलं. “मला तेव्हा काही समजलं नव्हतं. लोक काय म्हणतील एवढंच समजत होतं. आणि तो ओढा आहे कोण, त्याला काय हवंय, हे मला अजूनही समजलेलं नाही.”

पुसाळकरांनी हरकत घेतली. बाईंनी ती नोंदवून बाजूला ठेवली. मग बराच वेळ त्या लिहीत होत्या. हुकूम तात्पुरता होता. पोटगीचा हक्क असतो की नाही हे पुढे ठरेल, वर्षं लागतील, वर अपील होईल. तोवर प्रोसेसच्या वाट्याचं न उचललेलं पाणी ओढ्यात सोडायचं. पालक शीतल मगदूम यांना कसुरीबद्दल पदावरून दूर करण्यात येत आहे. हे त्यांनी माझ्याकडे न बघता वाचलं आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

शेवटी त्यांनी अक्काला विचारलं की नव्या पालकाबद्दल तुमचं काही म्हणणं आहे का.

अक्का परत उठली. “ह्याला काढला ते बरं केलं. चुकला हाय ह्यो. पण नवा बघशीला, तर कळत न्हाई तिथं कळत न्हाई म्हणणारा बघा. सगळं कळतंय म्हणणारी लई भेटत्यात.”

ती मला शाबासकी होती की शिक्षा, हे मला जिना उतरेपर्यंत ठरवता आलं नाही. माझे डोळे भरून आले होते आणि ते तिला दिसू नयेत म्हणून मी एक पायरी मागे राहिलो. स्टँडवर गाडीला वेळ होता. मळ्याचं काय, असं मी शेवटी विचारलं. अर्धा गेला, ती म्हणाली, गेलेला वेल पाण्यानं परत येत नाही. राहिलेल्या अर्ध्यातला वेल उतरवून मातीत घालायचा आहे, तो पाणी आलं की फुटेल. माणसं मिळत नाहीत आणि दाजींना वाकवत नाही.

“उद्या सकाळी ये,” ती म्हणाली. “आता तुला कोण काय म्हणणार हाय?”

मी येतो म्हणालो.